मातीनं खाल्लेलं सील

पुढचं चाक हवेत आहे. इंजिनाखाली बाभळीचा ओंडका, त्याखाली फळीचे तुकडे, मागचं चाक सरकू नये म्हणून वीट. उस्ताद उकिडवे बसून डाव्या शॉकपच्या पाईपवरून अंगठा फिरवतायत. अंगठ्यावर तांबूस-काळा राप येतो. तो ते दोन बोटांत चोळतात आणि बोटं कानाजवळ नेतात. कणांची करकर ऐकतायत, हे मला जरा वेळानं कळतं.

"तेल तर हायच, तेलात मुरूम बी हाय. डॉक्टरसाब, चिंचोळीकडं गेला होता काय?"

"चिंचोळी, कमलापूर, मधले सगळे तांडे. लाळ-खुरकुताची लस चालू होती की."

डॉक्टर जनावरांचे. मूळचे भालकी तालुक्यातले. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी. मी त्यांच्याच मागं बसून इथवर आलोय. येताना प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं नाक खाली जात होतं आणि 'खट्' असा आवाज हँडलमधून माझ्यापर्यंत पोचत होता. पुढचा ब्रेक डॉक्टर दाबतच नव्हते. का, ते आता दिसतंय. पाईपवरून उतरलेलं तेल बॉटम केसवरून ओघळत थेट डिस्कच्या पकडीपर्यंत गेलंय आणि त्यावर धुळीचा जाड थर बसलाय.

हुमनाबादला पुणे-हैदराबाद हमरस्ता आणि बिदर-कलबुर्गी रस्ता एकमेकांना भेटतात. ट्रक, टेम्पो, उसाचे ट्रॅक्टर यांची ये-जा अखंड. गॅरेजना तोटा नाही, पण एकवीस इंची पुढच्या चाकाची, उंच, ऑफ-रोड गाडी उघडायची म्हटलं की लोक लिंबाखालच्या या शटरकडंच बोट दाखवतात. आज ऑक्टोबरचं ऊन आहे. पाऊस उघडलाय, सोयाबीनची काढणी जोरात आहे आणि रस्त्यावरून जाणारं प्रत्येक मळणीयंत्र धुरळ्याचा एक ढग मागं सोडून जातं. उस्ताद त्या ढगाकडं बघतात आणि पोराला म्हणतात, "गाडी आत घे. शटर अर्धं खाली."

गॅरेजवाले सहसा सावलीला, उघड्यावर बसून काम करतात. उस्ताद शॉकप मात्र आत उघडतात. आतली फरशी पोरानं ओल्या फडक्यानं पुसून घेतलीय, आणि त्यावर अंथरलेलं वर्तमानपत्र कन्नड आहे.

सुरुवात होते ती पाना न लावता. पाईपवर जो रबराचा चुणीदार बूट असतो, तो उजव्या बाजूला धड आहे. डाव्या बाजूला बाभळीच्या काट्यानं की तारेच्या कुंपणानं फाटलाय. उस्ताद तो वर सरकवतात आणि आतून वाळलेल्या चिखलाची ढेकळं कागदावर पडतात. काळी ढेकळं आणि लाल ढेकळं, दोन्ही.

"हे बघा, फाटका बूट. यापेक्षा बूट नसलेला बरा. नसला तर वाऱ्यानं, पाण्यानं तरी माती जाती. फाटका असला की माती आत जाती अन् तिथंच राहती. पाईप वर-खाली, माती बी वर-खाली."

या मुलखाच्या मातीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आजच्या कामाचं मूळ तीच आहे. बिदरचं पठार जांभ्याचं. खाली दख्खनचा काळा पाषाण, वर लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला तांबडा, भोकाभोकांचा दगड. बिदरचा बहमनी किल्ला याच दगडात उभा आहे. फ्रान्सिस बुकाननने १८०७ साली मलबारच्या वर्णनात या दगडाला 'लॅटराइट' हे नाव छापून दिलं, पण आपल्याकडं तो जांभाच. तो झिजला की मुरूम होतो आणि मुरमाचा कण टणक असतो, धारेचा असतो. पठार उतरून भालकीकडं, आळंदकडं गेलं की काळी माती लागते. ती पावसात फुगते, चिकटते, चाकाला मडगार्डपर्यंत भरते आणि वाळली की पाईपवर पापुद्रा धरते. हुमनाबाद तालुक्यात एकाच दिवसाच्या फेरीत दोन्ही भेटतात. काळी माती लाल कणाला पाईपवर चिकटवून ठेवते आणि शॉकप दबला की तो कण सीलखाली ओढला जातो. रोजच्या शंभर सीसीच्या गाडीचा पुढचा शॉकप जेवढा दबतो, त्याच्या दीडपट-पावणेदोनपट ही गाडी दबते. असल्या गाड्यांना १९०-२०० मिलिमीटरची चाल असते. म्हणजे तेवढा लांब, उघडा, माखलेला पाईप प्रत्येक खड्ड्यात सीलमधून आत जातो आणि बाहेर येतो.

उस्ताद उजव्या शॉकपचं डस्ट सील बारीक पेचकसानं उचलतात. मग टेबलाच्या खणातून एक्स-रेची फिल्म काढतात. कुणाच्या तरी मनगटाची आहे, जुनी. कात्रीनं तिची बोटभर रुंदीची पट्टी कापतात, टोक गोल करतात, एका बाजूला छोटा आकडा ठेवतात. ती पट्टी पाईप आणि ऑईल सीलच्या मधे सरकवून ते पाईपभोवती सावकाश फिरवतात. बाहेर आली तेव्हा आकड्यात काळसर लगदा अडकलाय आणि त्यात चार-दोन कण चमकतायत.

"बऱ्याच येळा सील फाटलेलं नसतंय. कडंखाली खडा अडकलेला असतोय. एवढ्यावर काम भागतंय."

"मग उजवं तसंच ठेवा की उस्ताद. डावंच बदला." डॉक्टर हिशेबानं बोलतात.

"दोन्ही बदलणार. एका पायात नवं तेल, एका पायात जुनं. गाडी तोंड वाकडं करून चालंल. अन् उघडून दोन्ही बघायचेच हायेत मला."

डॉक्टर मान हलवतात. उस्तादांशी वाद घालायचा नसतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आता पाने चालतात. चाक काढायच्या आधी, पाईप अजून हँडलखालच्या टीमध्ये आवळलेला असतानाच, उस्ताद वरची कॅप अर्धा आटा सैल करतात. शॉकप एकदा हातात आला की ती कॅप कशानं धरणार? मग चाक निघतं, डिस्कची पकड सुटते. पोरगा लगेच दोन पॅडच्या मधे लाकडाची चिप्पी घालतो, म्हणजे चुकून कुणी ब्रेकचा दांडा दाबला तर पिस्टन बाहेर यायचे नाहीत. त्याला हे कुणी आत्ता सांगितलेलं नाही. पकड तो तारेनं हँडलला टांगतो, नळीवर भार येऊ देत नाही. पोरगा मन लावून काम शिकतोय हे असल्या हालचालींतून कळतं आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

शटरच्या आतल्या भिंतीवर वर्तमानपत्रातलं एक चित्र चिकटवलंय: वाळूतून उडणारी मोटरसायकल. बंगळूरचा सी. एस. संतोष, २०१५ साली डकार रॅली पुरी करणारा पहिला भारतीय. चित्र पोरानंच लावलेलं. त्या रॅलीत संध्याकाळी मुक्कामाला मेकॅनिक गाडीची वाट बघत उभे असतात. डॉक्टरांच्या गाडीला ती सोय नाही; ती संध्याकाळी गोठ्याशेजारी उभी राहते आणि सकाळी पुन्हा निघते.

डाव्या पायाची कॅप निघते, स्प्रिंग वर येते. उस्ताद स्प्रिंगच्या कुठल्या टोकाला वेटोळी दाट आहेत ते बघून खडूनं खूण करतात. मग शॉकप उलटा, तेल डब्यात. नवं असताना हे तेल नितळ असतं. डब्यात पडतंय ते राखाडी, घट्टसर, सडक्या वासाचं; उन्हाच्या तिरिपीत धरलं की त्यात धातूची चमक दिसते. उजव्या पायाचं तेल काळं आहे, पण पुरेसं आहे. डाव्यातून जेमतेम निम्मं निघतं. बाकीचं गळून गेलं आणि जाताना ब्रेकवरून गेलं.

खालचा बोल्ट अडतो. एल-पाना फिरवला की आतला डॅम्पर रॉडही सोबत फिरतो, बोल्ट जागचा हलत नाही. मोठ्या वर्कशॉपात यासाठी लांब दांड्याचं खास हत्यार असतं. उस्ताद कोपऱ्यातून झाडूचा जुना लाकडी दांडा उचलतात. टोक तासून चौकोनी निमुळतं केलंय. तो पाईपमधून आत घालून, रॉडच्या तोंडात ठोकून पोरगा वरून छातीनं दाबून धरतो.

"धर हं. निल्लू, निल्लू, थांब... हां, आता." एक झटका, आणि बोल्ट सुटतो.

पाईप बॉटम केसमधून बाहेर येतो. जुनं सील उचकटताना उस्ताद केसच्या काठावर चामड्याचा तुकडा ठेवून मगच पेचकसाची तरफ करतात. सील बसायच्या जागेवर ओरखडा पडला तर नवं सील बाहेरच्या बाजूनं गळेल. सील निघतं. ते माझ्या हातात देतात. आतली कड बघायला सांगतात. रबराची ती कड नखाच्या टोकाएवढी बारीक. तिच्यामागं केसासारखी गोल स्प्रिंग, कडेला पाईपवर दाबून धरणारी. एका ठिकाणी कड कापली गेलीय. चीर डोळ्यांना दिसत नाही, पण सील वाकवलं की तोंड उघडते.

मी समजतो, कारण सापडलं. उस्ताद तसं समजत नाहीत.

"हे कापलं कशानं, ते सांगा."

ते पाईप डिझेलनं धुतात, पुसतात, दाराच्या उजेडात आडवा धरतात. मग कापसाचा बोळा घेऊन पाईपवरून हलक्या हातानं, गोल गोल, वरपासून खालपर्यंत नेतात. आरशासारख्या त्या पाईपवर मला काहीच दिसत नाही. बोळा मधे एका जागी अडतो. दोन तंतू मागं राहतात, उभे. उस्ताद तिथं खडूनं वर्तुळ काढतात. बोळा पुढं जातो. बोटभर खाली आणखी एक तंतू.

"मिळालं." आवाज तसाच शांत, पण आता ते दोन्ही गुडघे टेकून नीट बसतात.

पोलादी पाईपवरचा क्रोमचा थर केसापेक्षा पातळ असतो. त्यात खडा लागून खळगी पडली, तिच्या काठाला धार आली, आणि प्रत्येक खड्ड्याला ती धार सीलच्या कडेवरून गेली. नुसतं सील बदलून गाडी दिली असती तर नवं सीलही त्याच धारेवर घासलं असतं. डॉक्टर म्हणाले होते 'परत गळूलालंय', ते यामुळं. मागच्या वेळी दुसरीकडं कुठंतरी सील बदललं गेलं आणि पाईपवरून कापूस फिरवलाच गेला नाही. सील बाजारात मिळतं, ते बसवायला अर्धा दिवस पुरतो. सील का गेलं हे शोधणारा माणूस मिळायला मात्र नशीब लागतं. आपल्याकडं दुरुस्तीचा दर सुट्या भागावरून ठरतो आणि शोधण्याच्या या वेळेचे पैसे कुणी देत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजतो. उस्ताद खळगीचा काठ घासतात, पाईपच्या लांबीला नाही, गोलाईत. पाईपच्या लांबीला उभे ओरखडे पडले तर त्या ओरखड्यांतूनच तेल वर चढेल. घासणं, पुसणं, कापूस. पुन्हा घासणं, पुसणं, कापूस. डॉक्टरांचा चहा येऊन निवतो. खालची खळगी तेवढ्यावर मिटते. वरची जरा खोल आहे. तिच्यात टाचणीच्या टोकानं अरल्डाइटचा थेंब भरला जातो आणि तो वाळेपर्यंत पाईप बल्बखाली उभा राहतो.

तेवढ्या वेळात उस्ताद उजवा पाय उघडतात आणि जुन्या गोष्टी सांगतात. त्यांचा हात बसला तो येझदीवर. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि पुढं येझदी निघायच्या. १९९६ साली कारखाना बंद झाला, तरी या भागात त्या गाड्या पुढं कितीतरी वर्षं दुधाचे कॅन वाहत होत्या. एकात एक सरकणाऱ्या नळ्या आणि तेलानं आवरलेली उसळी, हा मेळ बीएमडब्ल्यूनं १९३५ साली आर-१२ या गाडीवर बाजारात आणला. हे साल मी उस्तादांना सांगतो तेव्हा ते हातातला पाईप एकदा वर-खाली करून बघतात.

"म्हणजे आमच्या अब्बांच्या आधीचं. अन् अजून तेच हाय. चांगलं हाय म्हणून हाय."

अरल्डाइट वाळलं. पुन्हा पेपर, पुन्हा कापूस. या वेळी बोळा वरून खाली अखंड जातो. उस्ताद तो पोराच्या हातात देतात. पोरगा फिरवतो, मग डॉक्टर, मग मी. कुठंही अडत नाही.

नवी सीलं कलबुर्गीहून काल बसनं आलीत, कंडक्टरच्या हाती. पुडा आत्ता फुटतो, आधी नाही. सीलवर बारीक आकडे आहेत: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. उस्ताद तिन्ही व्हर्नियरनं पडताळतात. पाईप आणि रॉड आधी केसमध्ये जातात, खालच्या बोल्टला नवं तांब्याचं वॉशर लागतं. मग पाईपच्या वरच्या टोकावर पोरगा प्लास्टिकची पातळ पिशवी ताणून बसवतो आणि तिला तेल लावतो, म्हणजे पाईपच्या काठानं नव्या सीलची कड दुमडणार नाही.

"आकडे वर, स्प्रिंग खाली," पोरगा स्वतःशी म्हणतो. स्प्रिंगची बाजू तेलाकडं.

सील सरकत खाली येतं. ते ठोकून बसवायला उस्तादांकडं नळकामाच्या पीव्हीसी पाईपचा एक तुकडा आहे, उभा चिरून पुन्हा पट्ट्यानं आवळलेला, बरोबर सीलच्या काठावर टेकेल असा. टक, टक, टक, चारी बाजूंनी सारखं. आवाज पोकळ येतो तोवर सील उतरतंय. भरीव झाला की टेकलं. वर क्लिपची खाच पूर्ण उघडी दिसायला हवी. दिसते. क्लिप बसते, त्यावर डस्ट सील.

तेल ओततानाचं मोजमाप मला आवडतं. स्प्रिंग बाहेर, पाईप पूर्ण खाली दाबलेला. उस्ताद ओततात, पाईप दहा-बारा वेळा वर-खाली करतात, आतली हवा बुडबुडे सोडते, पातळी उतरते, पुन्हा ओततात. मग पोलादी पट्टी आत सोडून काठापासून तेलापर्यंतचं अंतर बघतात. कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा त्यांनी भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलाय.

"साकु, साकु! पुरे!" पोरगा पट्टीवरून डोळा न काढता ओरडतो, आणि उस्तादांचा हात थांबतो. दोन्ही पायांत पातळी सारखी. जास्त झालं तर आतल्या हवेचा दाब वाढतो आणि शॉकप तेल सीलवाटे बाहेर ढकलतो, म्हणून इथं घाई नाही.

शॉकप चढतात, चाक चढतं. एक्सल आवळला जातो, पण त्याच्या पायथ्याचा चिमटा-बोल्ट उस्ताद मोकळाच ठेवतात. गाडी ओंडक्यावरून उतरवून, हँडल धरून ते पुढचा भाग जोरात दाबतात, सोडतात, दाबतात. दोन्ही पाय आपापल्या जागी सरळ झाले, की मग तो बोल्ट. पाय एकमेकांना तिरके आवळले गेले तर पाईप सीलच्या एकाच बाजूला घासत राहतो.

आता डॉक्टर उठतात. फोन वाजलाय, एका तांड्यावर देवणी गाय अडलीय.

"झालं ना उस्ताद?"

"शॉकप झाला. पॅड राहिले."

जुने पॅड उस्ताद पुढं करतात. तेल पिऊन पृष्ठभाग काळा चकचकीत झालाय.

"पेपरवर घासून द्या ना आत्तापुरते. पेट्रोलनं धुवा. मी येतो उद्या."

"धुतात, घासतात, जाळतात बी लोक. तेल आत मुरलंय डॉक्टरसाब. थंड असला तर धरंल, गरम झाला की आतलं तेल वर येतंय. उतारावर ऊस भरलेला ट्रॅक्टर समोर आला तर पुढचाच ब्रेक लागतोय. पॅडबिगर गाडी देणार नाही."

"गाय मरंल तिकडं."

उस्ताद काही न बोलता खिशातून आपल्या जुन्या स्प्लेंडरची किल्ली काढून देतात. डॉक्टर बॅग उचलतात, मला म्हणतात, "तुम्ही बसा, मी येतो," आणि धुरळ्यात दिसेनासे होतात.

पॅड संध्याकाळच्या बिदर बसनं येतात. तोवर पोरानं डिस्क साबणाच्या पाण्यानं आणि मग पेट्रोलनं पुसून कोरडी केलीय. उस्ताद पॅड बसवतात, दांडा घट्ट लागेपर्यंत दाबतात, स्वतः गाडीवर बसतात आणि कलबुर्गी रस्त्याच्या गतिरोधकांवरून दोनदा जाऊन येतात. आधी हळू, मग जोरात, मधे मधे ब्रेक लावत, म्हणजे नवे पॅड डिस्कला घासून बसतील. परत आल्यावर दोन्ही पाईपांवरून अंगठा फिरतो. एक पुसटसा तेलकट ओलावा, तेवढा हवाच, ओघळ नाही.

डॉक्टर अंधार पडता पडता येतात. बाहीवर रक्ताचे डाग, चेहरा खुललेला. कालवड झालीय. ते पैसे मोजून देतात, उस्ताद त्यातले दोन सुट्टे परत करतात.

"रोज घरी गेलं की ओल्या फडक्यानं पाईप पुसायचा. कोरड्या नाही, ओल्या. चिखल वाळू द्यायचा नाही. आणि दाबाचं पाणी मारणाऱ्या सर्व्हिस सेंटरात सीलवर फवारा मारू देऊ नका."

"बरं."

"आणि डाव्या बाजूचा बूट."

"आणतो उस्ताद."

"कधी?"

"बिदरला गेलो की."

"कधी जाणार?"

"बुधवारी."

"मग बुधवारी संध्याकाळी गाडी इकडं. तोवर काळ्या शिवारात घालू नका, डांबरानं जावा."

"अन् तांड्यावरून फोन आला तर?"

"तर स्प्लेंडर घेऊन जावा," उस्ताद म्हणतात, आणि पोराला अर्धं शटर वर करायला सांगतात.